देणं कुणाचं, घेतलं कुणी?

प्रश्न : माझे वडील गोवा मुक्तिलढ्यात होते, आग्वादच्या तुरुंगात राहून आले. आज माझ्या सख्ख्या पुतण्याकडे पोर्तुगीज पासपोर्ट आहे आणि घरात कुणाला त्याचं काही वाटत नाही. नात कोरियन मालिका बघते. ती सांगते, कोरियन लोक अजून जपानवर डूख धरून आहेत, चिनी तर त्याहून जास्त. आपण साडेचारशे वर्षांचं विसरलो, मग कोरियाला जपानी राजवटीची पस्तीस वर्षं का विसरता येत नाहीत?
– एक वाचक, डिचोली

उत्तर : आधी तुमच्या वडिलांना नमस्कार. पण ‘आपण विसरलो’ हे मला मान्य नाही. १५ ऑगस्ट १९५५ ला पत्रादेवीला सत्याग्रहात ज्यांच्या घरचा माणूस गोळी लागून पडला, त्यांच्यासमोर हे वाक्य म्हणता येणार नाही. आपला राग निवला, त्याला कारण घडलं. ज्या राजवटीनं आग्वाद भरला, ती २५ एप्रिल १९७४ ला लिस्बनमध्येच कोसळली. नव्या सरकारनं त्याच वर्षाच्या अखेरीस भारताशी करार करून गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं. आपल्याला तुरुंगात टाकणारेच पुढे पंतप्रधान होऊन वाटाघाटीला आले, असं आपल्या वाट्याला आलं नाही.

कोरियाच्या वाट्याला जवळजवळ तेच आलं. नोबुसुके किशी हे चीनच्या ईशान्येकडच्या मांचुरियातल्या जपानी राजवटीतले बडे अधिकारी, पुढे पंतप्रधान तोजोंच्या युद्धकालीन मंत्रिमंडळात मंत्री. युद्ध संपल्यावर युद्धगुन्ह्यांच्या संशयावरून त्यांना अटक झाली, १९४८ मध्ये खटला न चालवता सोडलं, आणि १९५७ मध्ये ते जपानचे पंतप्रधान झाले. १९६५ मध्ये दक्षिण कोरियाशी करार झाला तेव्हा त्यांचे सख्खे धाकटे भाऊ एसाकू सातो पंतप्रधान होते. आणि समोरच्या बाजूला कोण? लष्करी उठाव करून सत्तेवर आलेले पार्क चुंग-ही, जे तरुणपणी जपानच्या ताब्यातल्या त्याच मांचुरियाच्या सैन्यात अधिकारी होते.

या करारानं जपाननं ३० कोटी डॉलर अनुदान आणि २० कोटी डॉलर कर्ज दिलं, आणि सगळे दावे ‘पूर्णपणे आणि अंतिमतः’ मिटले असं लिहून घेतलं. सोलचे विद्यार्थी त्याआधी वर्षभर रस्त्यावर होते. १९६४ मध्ये पार्कनी मार्शल लॉ लावून त्यांना गप्प केलं. आलेल्या पैशातून पोहांगचा पोलाद कारखाना उभा राहिला, सोल-बुसान महामार्गालाही त्याचा हातभार लागला. देश वर आला, हे खरंच आहे. पण युद्धकाळात जपाननं मजुरीला आणि सैन्यात जबरदस्तीनं नेलेल्यांपैकी जे मेले त्यांच्या वारसांना सत्तरच्या दशकात तीन लाख वॉन मिळाले, आणि जे जिवंत परतले त्यांना काहीच नाही. तुमच्या प्रश्नाचं मूळ मला इथे दिसतं. देणं होतं माणसांचं, घेतलं सरकारनं, आणि पावतीवर ‘हिशेब चुकता’ असं लिहून दिलं.

माझी उमेदीची वर्षं मुरगाव बंदरात गेली. आपलं खनिज पन्नासच्या दशकापासून जपानला जात होतं, पुढे कोरियाला आणि शेवटी चीनलाही. माल किती चढला हे ठरवायला ड्राफ्ट सर्व्हे करतात. लाँचमधून बोटीभोवती फेरी मारायची आणि पुढे, मध्ये, मागे पाणी कुठल्या आकड्याला टेकलंय ते वाचायचं. ऐंशीच्या दशकात एकदा कोरियन बोटीचा वयस्कर चीफ ऑफिसर आणि जपानी खरेदीदाराचा माणूस माझ्याबरोबर लाँचमध्ये होते. लाटा उसळत होत्या, आकड्यावर दोघांचं जमेना. जपानी माणूस स्वतःशीच काहीतरी पुटपुटला, आणि चीफ ऑफिसरनं त्याला अस्खलित जपानीत उत्तर दिलं. तो माणूस खूश झाला, हसून गप्पा मारायला लागला. पण चीफ ऑफिसर त्यानंतर दिवसभर त्याच्याशी मोडक्यातोडक्या इंग्रजीतच बोलला.

संध्याकाळी कागदांवर सह्या करताना मी चीफ ऑफिसरला विचारलं. शाळेत शिकलो, म्हणाला. कोरियन शब्द तोंडातून निघाला की मास्तर मारायचे. घराण्याचं नावही बदलायला लावलं होतं. वडिलांना होक्काइदोच्या कोळसा खाणीत नेलं, ते परत आले ते खोकतच. करार झाला तेव्हा वडील जिवंत होते. त्यांच्या हाती दमडी पडली नाही.

म्हणूनच हे प्रकरण पुन्हा पुन्हा वर येतं. ऑक्टोबर २०१८ मध्ये कोरियाच्या सर्वोच्च न्यायालयानं निप्पॉन स्टीलला सांगितलं, युद्धकाळात जबरदस्तीनं राबवलेल्या चार कोरियन कामगारांना प्रत्येकी १० कोटी वॉन द्या. निकाल ऐकायला चौघांतला एकच उरला होता, नव्वदी ओलांडलेला. १९६५ लाच सगळं मिटलं, असं म्हणत जपान सरकार चिडलं आणि २०१९ मध्ये सेमीकंडक्टरला लागणाऱ्या तीन रसायनांच्या निर्यातीवर त्यांनी निर्बंध आणले. कोरियन लोकांनी जपानी बिअर आणि कपडे दुकानातच सोडले. २०२३ मध्ये कोरियन सरकारनं तोडगा काढला, की भरपाई कोरियाच्याच निधीतून द्यायची. त्यात पोहांगच्या कारखान्यानं ४ अब्ज वॉन घातले. जुन्या पैशावर उभ्या राहिलेल्या कारखान्यानं पैसे दिले, हे मला योग्यच वाटतं. पण जपानी कंपनी बाजूलाच राहिली. माझ्या मते ही जखम अशानं भरणार नाही.

जपाननं माफी मागितलीच नाही असं नाही. १९९३ चं मुख्य कॅबिनेट सचिव कोनो यांचं, जपानी सैन्याच्या वेश्यागृहांत ठेवलेल्या स्त्रियांबद्दलचं निवेदन, १९९५ चं पंतप्रधान मुरायामांचं भाषण, दोन्ही स्वच्छ शब्दांत आहेत. पण युद्धात मेलेल्या जपानी सैनिकांना जिथे पुजतात त्या यासुकुनी मंदिरात १९७८ मध्ये १४ प्रमुख युद्धगुन्हेगारांचा समावेश झाला, आणि पंतप्रधान कोइझुमी पदावर असताना दर वर्षी तिथे जात राहिले. एकानं मागायची आणि दुसऱ्यानं पुसायची, अशा माफीवर कोण विश्वास ठेवील?

चीनचं वेगळं आहे. नानजिंगमध्ये १९३७ च्या डिसेंबरात जपानी सैन्यानं जी कत्तल केली ती कुठल्याही मापानं भयंकर. तरी १९७२ मध्ये चीननं युद्धाची भरपाई सोडून दिली. लोकांना विचारण्याचा प्रश्नच नव्हता. नव्वदच्या दशकात देशभक्तीच्या शिक्षणातून तोच राग जोपासला गेला, आणि २०१२ मध्ये जपानच्या ताब्यातल्या, पण चीन आपली म्हणतो त्या सेनकाकू बेटांवरून लोकांनी आपल्याच शहरांत, आपल्याच देशबांधवांच्या जपानी गाड्या फोडल्या. त्या रागातलं दुःख खरं आहे. तो कधी पेटवायचा आणि कधी विझवायचा, हे मात्र सरकार ठरवतं.

नातीला सोन की-चुंगची गोष्ट सांगा. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये हा कोरियन मुलगा मॅरेथॉन जिंकला, पण जपानी नावानं आणि जपानच्या झेंड्याखाली. पदक घेताना त्यानं हातातलं ओकचं रोपटं छातीवरच्या झेंड्यासमोर धरलं. सोलच्या ‘डोंग-आ इल्बो’नं त्याचा फोटो छापला तो झेंडा पुसून, त्यासाठी पत्रकार तुरुंगात गेले आणि पेपर कित्येक महिने बंद पडला. ऑलिम्पिकच्या दप्तरात ते सुवर्णपदक आजही जपानच्या खात्यावर आहे.

प्रश्न : चीन आणि कोरिया दोघांनीही जपानचा मार खाल्ला. मग त्यांचं तरी आपसात का पटत नाही?
– कॉलेज विद्यार्थिनी, वाळपई

उत्तर : एकाच माणसाचा मार खाल्ला म्हणून दोघांची मैत्री होत नाही, बाळ. कोरियन युद्धात, ऑक्टोबर १९५० मध्ये, चिनी सैन्य यालू नदी ओलांडून उत्तर कोरियाच्या मदतीला आलं आणि जानेवारीत सोल दुसऱ्यांदा पडलं. दक्षिणेतल्या म्हाताऱ्यांना जपानी पोलिस आठवतो तसा चिनी सैनिकही आठवतो. दोन्ही देशांचे राजनैतिक संबंध जुळायला १९९२ उजाडावं लागलं. पुढे चिनी संशोधक गोगुर्यो हे कोरियन लोक आपलं मानतात ते प्राचीन राज्य चीनच्या इतिहासात धरू लागले, तेव्हा कोरियात मोठा संताप झाला. २०१७ मध्ये अमेरिकन क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणेला जागा दिली म्हणून लोट्टे या कोरियन कंपनीची चीनमधली दुकानं एकामागून एक बंद पाडली गेली. २०२२ च्या बीजिंग ऑलिम्पिकच्या उद्घाटनात हानबोक हा कोरियन पोशाख घातलेली मुलगी चीनमधल्या एका अल्पसंख्याक समाजाची म्हणून आली. चीनमध्ये कोरियन वंशाचे लोक पिढ्यानपिढ्या राहतात, त्यामुळे ते खोटं नव्हतं. पण सोलमध्ये घरोघरी टीव्हीसमोर बसलेल्यांना आपला पोशाखही कुणी नेतंय असं वाटलं, आणि यावेळी सगळ्यात जास्त चिडली ती तुझ्याच वयाची मुलं.