मागचे दोन स्पीकर गप्प का?

भाऊ, मागचे स्पीकर वाजत नाहीत म्हणून ते काढून लगेच नांदेडला दुकानात नेऊ नका. आधी पिक्चर चालू ठेवून ॲम्प्लिफायरच्या डिस्प्लेकडे बघा. ‘डॉल्बी डिजिटल’ (यात मागच्या स्पीकरचा वेगळा आवाज येऊ शकतो) दिसतंय की ‘पीसीएम 2.0’ (फक्त डाव्या-उजव्या, अशा दोनच चॅनेलचा आवाज)? पीसीएम 2.0 असेल तर स्पीकर बहुतेक ठणठणीत आहेत, त्यांच्यापर्यंत आवाजच पोचत नाहीये.

तुमचा बॉक्स (ज्यावर ॲप आणि पिक्चर चालतात तो) टीव्हीला आणि टीव्हीतून ऑप्टिकल वायर ॲम्प्लिफायरला, असं आहे ना? माझ्या मते दुखणं तिथंच आहे. ऑप्टिकलमधून साधा डॉल्बी डिजिटल 5.1 (पाच स्पीकर आणि एक सबवूफर) जातो, त्याचा पुढचा प्रकार डॉल्बी डिजिटल प्लस जात नाही, आणि बरेच ॲप नेमका प्लसच पाठवतात. त्यात बरेच जुने टीव्ही एचडीएमआयने आलेला आवाज पुढे देताना दोनच चॅनेलचा करून टाकतात. ॲम्प्लिफायरला एचडीएमआय इन असेल तर बॉक्स थेट तिथं लावा, तिथून दुसरी वायर टीव्हीला. ते नसेल तर बॉक्सच्या ऑडिओ सेटिंगमध्ये ‘ऑटो’ऐवजी ‘डॉल्बी डिजिटल’ निवडून बघा.

पिक्चरचा ट्रॅकही तपासा. कधी कधी इंग्रजी आवाज 5.1 असतो आणि हिंदी डब फक्त स्टिरिओ, म्हणजे दोन चॅनेलचा. तिथं कोणत्याच सेटिंगने खरा 5.1 आवाज मिळणार नाही.

आणि आपल्याकडे लाईट जाते-येते, हे विसरू नका. लाईट आल्यावर सगळं एकदम चालू झालं की कधी कधी बॉक्सला समोरचा ॲम्प्लिफायर नीट ओळखता येत नाही, मग तो स्टिरिओवर येतो. म्हणून आधी टीव्ही, मग ॲम्प्लिफायर, शेवटी बॉक्स, असं चालू करा.

तरी जमलं नाही तर ॲम्प्लिफायरच्या मागच्या बाजूचा फोटो पाठवा.