प्रिन्स ऑफ पर्शिया पहिल्यांदा खेळतोयस?

आधी पळणं थांबव. शिफ्ट दाबून एकेक पाऊल टाक, म्हणजे जमिनीतून वर येणाऱ्या सुळ्यांमधूनही राजपुत्र अलगद पार होतो. मेलास तर लेव्हल पुन्हा सुरुवातीपासून, पण राजकन्येला सोडवायला मिळालेल्या 60 मिनिटांचं घड्याळ मागे जात नाही. म्हणून सुरुवातीला तिच्यापर्यंत पोचायची घाई नको, फक्त वाटा पाठ कर. आम्ही शाळेच्या लॅबमध्ये वहीच्या मागच्या पानावर नकाशे काढायचो, तूही काढ. आणि तलवार सापडल्याशिवाय शिपायापुढे जाऊच नकोस.

1989 चा गेम, पण त्या उडीत अजून वजन जाणवतं. तो बनवणाऱ्या जॉर्डन मेकनरने आपल्या भावाला पळायला, उड्या मारायला लावून व्हिडिओ घेतला आणि त्यावरूनच राजपुत्राची हालचाल काढली. इतकी जिवंत उडी मला आजही दुसरीकडे क्वचितच दिसते.