ऑटोकॅड की रेव्हिट? घणसोलीच्या एका आईला उत्तर

ताई, नमस्कार.

तुमची लेक बी.आर्क.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. वाशीचा क्लासवाला म्हणतो, संगणकावर रेघांनी नकाशे काढायच्या ऑटोकॅडचे दिवस संपले, थेट इमारतीचं मॉडेल उभं करणारं रेव्हिट घ्या. ठाण्यात बांधकामाची कामं घेणारे तुमचे दीर म्हणतात ऑटोकॅड येत नसेल तर कुठल्याच ऑफिसात कुणी उभं करणार नाही. फी एकाचीच झेपेल, तर कशाची भरू, असं तुम्ही विचारलंय.

फी रेव्हिटची भरा, पण दीड-दोन महिने थांबून. तोवर तिनं ऑटोकॅड घरीच शिकावं. दोन्ही सॉफ्टवेअर ऑटोडेस्क कंपनीचीच आहेत आणि विद्यार्थ्यांना ती शिकण्यासाठी वर्षभर मोफत मिळतात. शिक्षण चालू असेपर्यंत मुदत वाढवून घेता येते. क्लासवाला सॉफ्टवेअरचे वेगळे पैसे मागत असेल तर देऊ नका.

दीरांचं म्हणणं खरं आहे. नौपाडा, पाचपाखाडीकडे जुन्या सोसायट्यांच्या पुनर्विकासाची कामं करणारी बरीचशी ऑफिसं लहान आहेत आणि त्यांचा दिवस मंजुरीच्या नकाशांत जातो. 2020 च्या यूडीसीपीआरनुसार, म्हणजे राज्याच्या एकत्रित बांधकाम नियमावलीनुसार, एफएसआय (प्लॉटच्या मानानं किती बांधकाम ते प्रमाण) पी-लाइनवर, म्हणजे बांधकामाच्या बाहेरच्या कडेनं फिरणाऱ्या रेघेवर, मोजतात. ती लाइन कुठून फिरते, कुठली रेघ कुठल्या लेयरवर (थरावर) ठेवायची, एरिया स्टेटमेंट (क्षेत्रफळांचा तक्ता) कसं जुळवायचं, हे ज्या मुलीला कळतं तिला ट्रेनिंगच्या पहिल्याच आठवड्यात काम मिळतं. त्यासाठी लेयर, ब्लॉक (पुन्हापुन्हा वापरायचं तयार चित्र), एक्सरेफ (दुसरी फाइल जोडून घेणं) आणि लेआउटमधून स्केलला प्रिंट काढणं एवढं पक्कं हवं. बाकीच्या शेकडो कमांड ऑफिसात आपोआप येतात.

रेव्हिटला मात्र शिकवणारा माणूस लागतो. ऑटोकॅडमध्ये भिंत म्हणजे दोन समांतर रेघा. प्लॅनवर खिडकी सरकवली की एलेव्हेशन (बाहेरून दिसणारी बाजू), सेक्शन (उभा छेद) आणि खिडक्यांचा तक्ता आपणच बदलायचा. एक शीट राहून गेलं की गवंडी जुन्या मापानं खिडकी सोडतो. रेव्हिटमध्ये भिंत कशाची, किती जाडीची, प्लास्टर किती, हे आधी सांगावं लागतं. मग खिडकी एकदा हलवली की ती सगळ्या शीटवर हलते. पण जिला भिंत कशी बांधतात हेच माहीत नाही, तिचं मॉडेल दिसायला देखणं आणि बांधायला निरुपयोगी होतं. मला सगळ्यात जास्त काळजी याची वाटते, कारण क्लासमध्ये तयार दरवाजे-खिडक्या ओढून तीन दिवसांत बंगला उभा करतात आणि मुलांना वाटतं, आलं आपल्याला!

म्हणून तिला आधी तुमच्याच इमारतीचा जिना मोजायला सांगा. मजल्याची उंची 3 मीटर असेल आणि पायरी 150 मिलिमीटर उंच, तर 20 उठाव, म्हणजे पायरीच्या उभ्या बाजू, लागतात. मध्ये चौक (वळायची सपाट जागा) असेल तर 10 आणि 10. म्हणजे एका फेऱ्यात पाय ठेवायच्या पायऱ्या 9, दहावा उठाव थेट चौकावर किंवा मजल्यावर चढतो. चौकाखालची तुळई डोक्याला लागते का? हा जिना तिनं टेप घेऊन मोजावा, प्लॅन आणि सेक्शन ऑटोकॅडमध्ये काढावा, आणि रेव्हिट सुरू झालं की पहिलं मॉडेल त्याचंच करावं. कुठे चुकलं ते तिला स्वतःच दिसेल.

पुढचं क्षेत्र बिमकडे, म्हणजे रेव्हिटसारख्या मॉडेलवर चालणाऱ्या कामाकडे, चाललंय यात मला शंका नाही. ब्रिटनने 2016 पासून केंद्र सरकारी प्रकल्पांना ते सक्तीचं केलं आणि आपल्याकडे नागपूर मेट्रोच्या कामात ते वापरलं गेलं. परदेशी प्रकल्पांची मॉडेल्स करून देणाऱ्या कंपन्यांत सुरुवातीला पगार बरा वाटतो. तिथे नोकरी जरूर करावी, मात्र कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरची नोंदणी झाल्यावर आणि साइटचा थोडा अनुभव गाठीशी घेऊन. नाहीतर वर्षानुवर्षं दुसऱ्यांनी आखलेल्या इमारती मॉडेलमध्ये भरत बसावं लागतं, आणि मग डिझाइनकडे परतणं जड जातं.

लॅपटॉपचं म्हणाल तर भाच्याचा मॅकबुक स्वस्तात मिळत असला तरी घेऊ नका, रेव्हिट विंडोजवरच चालतं. रॅम किमान 16 जीबी बघा. आणि ट्रेनिंगचं ऑफिस ठरलं की तिथे रेव्हिटची कुठली आवृत्ती आहे ते तिनं आधी विचारावं. नव्या आवृत्तीत सेव्ह केलेली फाइल जुनीत उघडत नाही.