थेरपीची फी: पहिल्या फोनवर विचारायच्या गोष्टी

खासगी थेरपी सुरू करावी असे मनात आहे, पण खर्चाचा अंदाज येत नाही आणि पैशांविषयी विचारायला संकोच वाटतो, अशी पत्रे या वेळी बरीच आली. त्यांतली पाच निवडून उत्तरे देत आहोत.

पणजीतल्या एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची फी दर सेशनला १,५०० रुपये आहे असे कळले. मला सतत धास्ती वाटते, झोप लागत नाही. घरखर्च सांभाळून हे किती दिवस चालवावे लागेल? एकदा जाऊन भागेल का?
— वाचक, साखळी

एकदा जाऊन भागत नाही. पहिले सेशन बहुतेक माहिती घेण्यातच जाते: त्रास कधीपासून आहे, झोप किती, जेवण कसे, घरात कोण कोण, कुठली औषधे चालू आहेत, थायरॉईड तपासला आहे का. काही जण हे सेशन तास-सव्वा तासाचे ठेवतात आणि त्याची फी थोडी जास्त घेतात. पुढची सेशन ४५ ते ५० मिनिटांची. पहिल्या दिवशी हाती काही लागले नाही, नुसतेच बोलणे झाले, असे वाटून अनेक जण दुसऱ्यांदा जातच नाहीत. पैसे खरे वाया जातात ते तिथे.

म्हणून हिशेब एका सेशनचा नको, पूर्ण टप्प्याचा करा. धास्ती किंवा उदासीसाठी ठरावीक आखणीची थेरपी साधारण ८ ते १६ सेशन चालते. १,५०० रुपयांनी आठ सेशन म्हणजे १२,००० रुपये. त्यावर साखळी-पणजी बसभाडे आणि दर वेळी मोडणारा अर्धा दिवस धरा. पगार कापला जात असेल तर तोही खर्चच आहे.

इतक्या थोड्या सेशनमध्ये काही होते का, अशी शंका येणे साहजिक आहे. त्याचे उत्तर गोव्यातच मिळाले आहे. संगाथ या संस्थेने इथल्या १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत बऱ्यापैकी तीव्र नैराश्य असलेल्या रुग्णांसाठी ६ ते ८ सेशनचा कार्यक्रम राबवला. आठवड्याला एक, प्रत्येकी ३० ते ४० मिनिटे. आणि सेशन घेणारे पदवीधर मानसशास्त्रज्ञ नव्हते, तर प्रशिक्षण दिलेले स्थानिक समुपदेशक होते. २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनी या रुग्णांचे नैराश्य नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा स्पष्टपणे कमी होते. छोटा, नेमका आणि शेवटपर्यंत नेलेला टप्पा उपयोगी पडतो.

पैसे बेताचे असले की 'महिन्यातून एकदा जाऊ' असे ठरवले जाते. हे टाळा. महिन्याच्या अंतराने अर्धे सेशन मधल्या घडामोडी सांगण्यातच संपते, आणि घरी करायला दिलेले काम तोवर सुटलेले असते. पहिली चार ते सहा सेशन दर आठवड्याला घ्या, मग पंधरवड्याला, शेवटची एक-दोन महिन्याने. अंतर वाढवायचे ते शेवटी.

आणि पहिल्या फोनवरच सरळ सांगा: "माझ्याकडे यासाठी ९,००० रुपये आहेत. त्यात काय करता येईल?" यात लाजण्यासारखे काही नाही. चांगला थेरपिस्ट त्यावरून उद्दिष्ट आखडते घेतो: आधी झोप आणि धास्ती, बालपणाचा विषय नंतर पाहू. बरेच जण काही वेळा कमी फीसाठी राखून ठेवतात, पण त्याचा बोर्ड लावलेला नसतो, विचारावेच लागते. पहिल्या सेशनला धास्ती मोजायची सात प्रश्नांची प्रश्नावली भरून घ्यायला सांगा. तिचे गुण ० ते २१ असतात, जितके जास्त तितकी धास्ती जास्त. चौथ्या किंवा पाचव्या सेशनला ती पुन्हा भरा. सोळाचे पंधराच झाले असतील आणि झोपही तशीच असेल, तर पद्धत बदलायची का, हे त्याच दिवशी विचारा. दहा सेशन होईपर्यंत थांबू नका.

चतुर्थीच्या आदल्या दिवशीचे सेशन मी त्याच सकाळी रद्द केले, कारण घरात पाहुणे आले. तरी पूर्ण फी मागितली. हे योग्य आहे का? शिवाय दहा सेशनचे पैसे एकदम भरले तर सवलत देतात म्हणे.
— वाचक, फोंडा

२४ तास आधी कळवले नाही तर पूर्ण किंवा अर्धी फी घेणे ही सर्वसाधारण पद्धत आहे. तुमची वेळ आयत्या वेळी दुसऱ्याला देता येत नाही, आणि दिवसाला पाच-सहाच सेशन घेता येतात, त्यामुळे एक रिकामे गेले तरी थेरपिस्टच्या दिवसाच्या कमाईचा पाचवा-सहावा हिस्सा जातो. पण हा नियम सुरुवातीला, शक्यतो लेखी, सांगितलेला असला पाहिजे. तुम्हाला तो कधीच सांगितला नसेल तर या वेळची फी माफ करावी असे म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. पुढच्यासाठी हे व्हॉट्सॲपवर लिहून घ्या: किती तास आधी कळवायचे, आजारपण चालते का, थेरपिस्टनेच रद्द केले तर काय, रद्द करण्याऐवजी तेवढा वेळ फोनवर बोलता येते का. चतुर्थी, शिगमो, नाताळ, मुलांच्या परीक्षा हे सगळे आधीपासून माहीत असते. त्या आठवड्यांच्या तारखा महिनाभर आधीच मोकळ्या ठेवायला सांगा.

दहा सेशनचे पैसे पहिल्या भेटीत भरू नका. माणूस जुळतो की नाही हे कळायला दोन-तीन भेटी लागतात. जुळले नाही तर आगाऊ भरलेल्या पैशांपायी आपण नको तिथे जात राहतो, किंवा जाणे सोडतो आणि पैसेही सोडतो. तीन सेशननंतर सवलत घ्यायचीच असेल तर चार सेशनची घ्या, आणि न वापरलेल्या सेशनचे पैसे परत मिळतील हे लिहून घ्या. पैसे यूपीआयने दिले तरी दर वेळी पावती मागा: तारीख, रक्कम, थेरपिस्टचे नाव, पात्रता, नोंदणी क्रमांक.

माझा सोळा वर्षांचा मुलगा समुपदेशकाकडे जातो. आत काय बोलणे होते ते मला सांगत नाहीत. पैसे मी भरतो, मग मला कळायला नको का?
— एक वडील, डिचोली

तुमची काळजी रास्त आहे, पण सगळे कळायला नको. मुलगा १८ वर्षांखालील असल्याने तुमची संमती लागते, आणि उपचार कशासाठी चालले आहेत, मुलगा नियमित जातो का, सुधारणा आहे का, घरी तुम्ही काय करावे, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. पण तो मित्रांविषयी, तुमच्याविषयी काय बोलला, हे तुम्हाला कळणार असेल तर तो तिथे बोलणारच नाही आणि तुमची फी फुकट जाईल.

जिवाला धोका असेल तर मात्र समुपदेशकाने तुम्हाला लगेच सांगितलेच पाहिजे. लैंगिक अत्याचार उघड झाला तर २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. ही मर्यादा मुलासमोर, तिघांनी बसून, एकदा स्पष्ट करून घ्या. दर चार-पाच सेशननंतर पालकांसाठी १५ मिनिटे मागा, त्याची वेगळी फी असेल तर आधी विचारा. आणि गाडीत बसल्या बसल्या "आज काय विचारले?" हा प्रश्न टाळा. रात्री-अपरात्री मुलाविषयी भीती वाटली तर समुपदेशकाच्या फोनची वाट बघू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास आणि मोफत आहे. लगेचचा धोका असेल तर सरळ रुग्णालय गाठा.

कंपनीचा मेडिक्लेम आहे. थेरपीचे पैसे त्यातून मिळतील का? आणि मग ऑफिसात कळेल का?
— वाचक, वास्को

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे कलम २१(४) सांगते की विमा कंपन्यांनी मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखेच संरक्षण द्यावे. पण बहुतेक पॉलिसी मुळात रुग्णालयात दाखल झाल्यावरच पैसे देतात, आणि थेरपी चालते दाखल न होता. त्यामुळे दावा नाकारला जातो तो बहुधा आजारामुळे नाही, तर पॉलिसीत ओपीडी, म्हणजे दाखल न होता घेतलेल्या उपचारांचा, खर्च धरलेला नसल्यामुळे. तुमच्या पॉलिसीत ओपीडी आहे का, वर्षाला किती, आणि मानसोपचारतज्ज्ञाची चिठ्ठी लागते का, हे तीन प्रश्न टीपीएला, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या संस्थेला, ईमेलने विचारा. तोंडी उत्तरावर विसंबू नका.

त्याआधी एचआरच्या कागदांत कर्मचारी साहाय्य योजना आहे का ते बघा. मोठ्या कंपन्यांत त्याखाली काही सेशन मोफत मिळतात. कायद्याच्या कलम २३ नुसार तुमची माहिती गोपनीय ठेवणे उपचार करणाऱ्यावर बंधनकारक आहे. मात्र दाव्याच्या कागदावर आजाराचे नाव लिहावे लागते. ते कागद एचआरच्या हातून न देता थेट पोर्टलवर चढवता येतात का, ते पाहा.

कोणाकडे जावे तेच कळत नाही: मानसोपचारतज्ज्ञ, सायकॉलॉजिस्ट की समुपदेशक? पेडण्यात कोणी सापडत नाही. फोनवर व्हिडिओने घेतले तर चालेल का? घरात वेगळी खोली नाही.
— वाचक, पेडणे

मानसोपचारतज्ज्ञ हा एमबीबीएसनंतर त्या विषयात शिकलेला डॉक्टर. औषध तोच देतो. भेट १५-२० मिनिटांची असते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची भारतीय पुनर्वसन परिषदेकडे नोंदणी असते. क्रमांक मागा आणि परिषदेच्या संकेतस्थळावर तपासा. समुपदेशक बहुधा मानसशास्त्रात एमए असतात. नात्यातले ताण, शोक, परीक्षेची भीती यांसाठी ते पुरेसे असतात. पण झोप-भूक पूर्ण उडाली असेल, भास होत असतील किंवा जगू नये असे वाटत असेल तर आधी मानसोपचारतज्ज्ञ. खासगी परवडत नसेल तर बांबोळीची मानसोपचार संस्था आहेच, तिथला खर्च खासगीच्या मानाने फारच कमी. गर्दी असते, सकाळी लवकर, आधार कार्ड आणि जुने कागद घेऊन जा. म्हापशाच्या जिल्हा रुग्णालयातही चौकशी करा.

व्हिडिओने थेरपी होते, पण फी कमी असेलच असे नाही, कारण थेरपिस्टचा वेळ तेवढाच जातो. कोंकणी की मराठी, हे आधी ठरवा. रागाचे, दुःखाचे शब्द ज्या भाषेत आपोआप येतात ती निवडा. खोली नसेल तर उभ्या केलेल्या गाडीत, देवळामागच्या शांत जागी किंवा ओळखीच्या रिकाम्या दुकानात बसा. इअरफोन हवाच, आणि घरच्यांना वेळ सांगून ठेवा. पावसाळ्यात वीज आणि नेटवर्क जाणार हे धरून चाला: कॉल तुटला तर कोण कोणाला लावणार, १० मिनिटांत जोडला नाही तर साध्या फोनवर पुढे चालू ठेवायचे की उरलेला वेळ पुढच्या सेशनला जोडायचा, हे पहिल्याच दिवशी ठरवून घ्या.