हॉस्टेलच्या खोलीतल्या लॅन पॉइंटला (भिंतीवरच्या नेटच्या सॉकेटला) स्वतःचा वाय-फाय राउटर लावला तर चालतो का?

परवानगीशिवाय लावू नका. हॉस्टेलच्या नियमांत सहसा याला मनाई असते, आणि ती उगाच नसते. भिंतीतली केबल घाईत राउटरच्या वॅन पोर्टऐवजी (बाहेरून नेट आत घेणाऱ्या पोर्टऐवजी) लॅन पोर्टमध्ये (घरातली उपकरणं जोडायच्या पोर्टमध्ये) खोचली, की राउटरचा डीएचसीपी सर्व्हर (उपकरणांना आयपी पत्ते देणारी सोय) मजल्यावरच्या इतरांनाही पत्ते वाटू लागतो. त्यांना 192.168.0.x सारखा पत्ता मिळतो, नेटवर्क जोडल्याची खूण दिसते, पण नेट शून्य! सगळे पॉइंट जिथे जोडलेले असतात त्या हॉस्टेलच्या स्विचवर पोर्ट सिक्युरिटी (एका पॉइंटवर अनोळखी किंवा जास्त उपकरणं अडवणारी सोय) असेल तर तुमचाच पॉइंट बंद पडू शकतो आणि तो सहसा कॉम्प्युटर सेंटरकडून सुरू करून घ्यावा लागतो. शिवाय तुमच्या लॉगिनवर शेजाऱ्याने टॉरेंट चालवला, तरी लॉगमध्ये नाव तुमचंच.

परवानगी मिळाली तर:
- आधी राउटर ॲक्सेस पॉइंट मोडवर (ज्यात तो स्वतः पत्ते न वाटता फक्त वाय-फाय देतो) टाका, डीएचसीपी बंद झाल्याची खात्री करा, मगच केबल जोडा.
- वाय-फायला डब्ल्यूपीए२ सुरक्षेचा पासवर्ड ठेवा, डब्ल्यूपीएस (बटण किंवा पिनने जोडायची सोय) बंद.
- राउटर फॅक्टरी रीसेट केला तर डीएचसीपी पुन्हा आपोआप सुरू होतो. बहुतेक घोळ इथेच होतो.

स्वतःच्या सिमवरचा मोबाइल हॉटस्पॉट हॉस्टेलच्या नेटवर्कला जोडलेला नसतो, त्यामुळे त्याला हे लागू नाही. मात्र काही कॅम्पसमध्ये त्यालाही वेगळी बंदी असते.