ड्युटीवर मंगळसूत्र चालतं का?

प्रश्न : मी इंग्लंडमध्ये एका सरकारी रुग्णालयात हेल्थकेअर असिस्टंट आहे. आमचा युनिफॉर्म बदलून व्ही गळ्याचा झाला, आणि आता मंगळसूत्र दिसतं म्हणून ते काढून ठेवा असं सांगितलं आहे. वॉर्डातल्या सहकारी हिजाब घालतात. मग हा भेदभाव नाही का?

उत्तर : मनाई कशासाठी आहे, यावर सगळं ठरतं. युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने १५ जानेवारी २०१३ रोजी एकाच निकालपत्रात, कामावर गळ्यात क्रॉस घालण्यावरून आलेल्या दोन बायकांच्या तक्रारींचा निवाडा केला. ब्रिटिश एअरवेजच्या चेक-इन काउंटरवरच्या नादिया इवेदा जिंकल्या, कारण कंपनीकडे स्वतःची प्रतिमा जपण्यापलीकडे कारण नव्हतं. शिवाय पगडी आणि हिजाब तिथे चालत होते. परिचारिका शर्ली चॅपलिन मात्र हरल्या. त्यांच्याही रुग्णालयात व्ही गळ्याचा युनिफॉर्म आला होता. भ्रमिष्ट रुग्ण गळ्यातली साखळी ओढेल, किंवा वाकताना ती उघड्या जखमेला लागेल, ही भीती न्यायालयाला पटली. तिथेही हिजाबला परवानगी होती, पण फक्त घट्ट बसणाऱ्या हिजाबला. म्हणून हिजाबच्या तुलनेवर तुमची बाजू टिकणार नाही. लोंबणारी वस्तू आणि घट्ट बसणारं कापड यांचा धोका वेगळा.

मंगळसूत्र शास्त्राने सक्तीचं आहे का, याचे दाखले जमवत बसू नका. श्रद्धेशी त्याचा जवळचा संबंध दाखवणं पुरेसं असतं, ते धार्मिक कर्तव्य आहे हे सिद्ध करावं लागत नाही, हेही त्याच निकालात आहे.

आधी ड्रेस कोडची लेखी प्रत मागा आणि मनाईचं कारण ई-मेलवर घ्या. मग पर्याय तुम्हीच सुचवा : आत उंच गळ्याचा टॉप आणि त्याखाली, वाट्या बाहेर लोंबणार नाहीत असं आखूड मंगळसूत्र. पर्याय न तपासता सरसकट नकार आला, तर २०१० च्या समानता कायद्याखाली अप्रत्यक्ष भेदभावाचा, म्हणजे नियम सगळ्यांना सारखा पण एका धर्माच्या लोकांना जास्त जाचणारा असल्याचा, मुद्दा उभा राहतो. नियमामागचा हेतू रास्त आहे आणि तो गाठण्याचा मार्ग गरजेपेक्षा जास्त कडक नाही, हे मालकाला दाखवावं लागतं. ज्यांचं काम रुग्णांपासून दूर, कार्यालयात आहे, त्यांची बाजू इथे बरीच भक्कम असते.

हल्ली हातातलं मंगळसूत्र मिळतं, पण तुमच्या कामात ते आणखी अडचणीचं. कोपरापासून खाली हात मोकळे हवेत, म्हणजे बांगड्या आणि घड्याळही नाही. मनगटावरच्या दागिन्यामुळे हात नीट धुतले जात नाहीत. सहसा एक साधी, खड्याविना अंगठी तेवढी चालते. शिखांच्या कड्याला जिथे मुभा आहे, तिथेही हात धुताना ते वर सरकवून घट्ट बसवावं लागतं.

ऐकलंच नाही, तर युनियनच्या प्रतिनिधीला सोबत घेऊन लेखी तक्रार द्या आणि एकॅस (Acas, नोकरीतल्या वादांत सल्ला देणारी सार्वजनिक संस्था) हिच्या मोफत हेल्पलाइनवर एम्प्लॉयमेंट ट्रायब्युनलमध्ये, म्हणजे नोकरीविषयक न्यायाधिकरणात, दावा करण्याची मुदत लगेच विचारा. अंतर्गत तक्रार चालू आहे म्हणून ती मुदत थांबत नाही, आणि पुष्कळांचे दावे मुदत चुकल्यामुळेच बाद होतात.