इमेज नको, रेसिपी पाठव : वाचकांचे प्रश्न

या वेळी नागपुरातून कंटेनरबद्दलची बरीच पत्रं आली, त्यातली चार घेतली आहेत. नवख्यांसाठी : कंटेनर म्हणजे एखादं सॉफ्टवेअर त्याला लागणाऱ्या सगळ्या गोष्टींसकट बंद डब्यात चालवायची सोय, डॉकर हे त्यासाठीचं साधन, इमेज म्हणजे त्या डब्याची तयार फाइल, डॉकरफाइल म्हणजे ती बनवायची टेक्स्टमधली रेसिपी, आणि बनवणं म्हणजे बिल्ड.

प्रश्न : दादा, मी हिंगणा रोडच्या एका कॉलेजात फायनल इयरला आहे. आजोबांची जुनी मराठी कागदपत्रं स्कॅन करून त्यातला मजकूर काढायला टेसरॅक्टची एक डॉकर इमेज बनवली, मस्त चालते. म्हटलं सगळ्यांना मिळावी, म्हणून रात्रभर बसून अपलोड केली आणि एका ओपन सोर्स कंटेनर लायब्ररीला लिंक पाठवली, तर मेंटेनरनं, म्हणजे ती सांभाळणाऱ्यानं, कमेंटांचा पाऊस पाडला. 2.3 जीबी का, लेटेस्ट का, रूट का, लायसन्स कुठाय, आणि वर 'पुढे ही कोण सांभाळणार?' मी फुकटात देऊन रायली अन् माझीच उलटतपासणी! सोडून देऊ का? डॉकरफाइल सोबत जोडली आहे.
— एक विद्यार्थिनी

उत्तर : सोडू नको गं. एवढ्या कमेंटा आल्या म्हणजे समोरच्यानं तुझी फाइल ओळन् ओळ वाचली. त्याला नकोच असती तर दोन शब्द लिहून बंद केली असती आणि झोपला असता, तोही फुकटच काम करतो.

आता मुख्य घोटाळा. तू तयार इमेज दिलीस, आणि अशा लायब्रऱ्यांना तयार इमेज नकोच असते, त्यांना रेसिपी पाहिजे. डॉकरच्या ऑफिशियल इमेजेसचंच बघ, तिथे गिटहबवर 'लायब्ररी' नावाचं एक फोल्डर आहे, त्यात प्रत्येक सॉफ्टवेअरची एक साधी टेक्स्ट फाइल, आणि त्या फाइलीत मेंटेनर कोण, डॉकरफाइल कुठल्या गिट रेपोत (कोडच्या साठ्यात), नेमका कुठला कमिट (बदलाची नोंद), टॅग (व्हर्जनचं लेबल) कोणते, आर्किटेक्चर (प्रोसेसरचा प्रकार) कोणती, एवढंच. बिल्ड त्यांच्या मशीनवर होतं. बायोइन्फर्मॅटिक्सवाल्यांचं बायोकंटेनर्स त्याहून सोपं, तू बायोकोंडाला पॅकेजची रेसिपी दे, ती मान्य झाली की कंटेनर आपोआप तयार होतो.

एवढा अविश्वास काहून? तर 2024च्या मार्चमध्ये एक्सझेड नावाच्या कॉम्प्रेशनच्या लायब्ररीत चोरदरवाजा सापडला, 5.6.0 आणि 5.6.1 या व्हर्जनमध्ये. अँड्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनिअरला एसएसएच लॉगिनला (दूरच्या मशीनवर शिरायला) अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं आणि तो खोदत खोदत तिथवर पोचला. त्यातली मेख अशी की चोरदरवाजा चालू करणारा तुकडा गिटच्या सोर्समध्ये नव्हताच, तो फक्त रिलीज म्हणून वाटलेल्या टारबॉलमध्ये (गठ्ठा करून दिलेल्या फाइलीत) होता. म्हणजे लोक वाचत होते एक आणि उतरवून घेत होते दुसरंच. तुझ्या 2.3 जीबीत काय आहे हे मेंटेनरनं कसं वाचायचं सांग बरं? डॉकरफाइल मात्र दहा मिनिटांत वाचून होते.

तुझी वाचली. पहिलीच ओळ 'फ्रॉम पायथन लेटेस्ट'. लेटेस्ट हा नुसता एक टॅग आहे, आज एका इमेजवर चिकटलेला, दोन महिन्यांनी दुसऱ्या, आणि मग तुझ्याकडे चालणारं बिल्ड दुसऱ्याकडे फुटतं आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर! डेबियन बुकवर्म-स्लिम असं नाव घेऊन लिही. तसंही तुझ्या स्क्रिप्टमध्ये पायथनचं काम किती, तर एक फाइल उघडायची आणि टेसरॅक्टला हाक मारायची, त्यासाठी पायथनची पूर्ण इमेज म्हणजे एक जीबीच्या आसपास वजन उगाच डोक्यावर. मग तू 'टेसरॅक्ट-ओसीआर-ऑल' टाकलंस, त्यात शंभराच्या वर भाषा येतात, तुला पाहिजे मराठी आणि इंग्रजी, तर टेसरॅक्ट-ओसीआर आणि टेसरॅक्ट-ओसीआर-मार घे, इंग्रजी टेसरॅक्टसोबत येतंच, आणि चालवताना भाषा 'मार+इंग' दे, म्हणजे कागदात मधेच इंग्रजी तारीख किंवा शिक्का आला तरी निघतो. त्यापुढे कंपायलर आणि बिल्ड-इसेन्शियल, जे एकदा वापरून तसंच आत राहिलंय. त्यासाठी मल्टिस्टेज बिल्ड आहे, 2017पासून आहे, पहिल्या टप्प्यात काय कंपाइल करायचं ते कर आणि दुसऱ्या टप्प्यात फक्त तयार फाइल कॉपी कर.

अजून एक बघ, ॲप्ट-गेट अपडेट एका रनमध्ये (डॉकरफाइलमधली कमांडची एक ओळ) आणि इन्स्टॉल दुसऱ्या रनमध्ये ठेवलंय. प्रत्येक रनचा एक लेयर, म्हणजे थर, बनतो, डॉकर पहिला लेयर कॅशमधून (आधीच्या साठ्यातून) जुनाच उचलतो, त्यातली पॅकेजची यादी शिळी असते, आणि इन्स्टॉल करताना 404, म्हणजे 'फाइल सापडली नाही', येतो. दोन्ही एकाच रनमध्ये घे आणि त्याच रनच्या शेवटी ॲप्टच्या याद्या पुसून टाक, नंतरच्या रनमध्ये पुसल्या तर साइज कमी होत नाही.

रूटचं तर तुलाच जाणवलं असेल. कंटेनर रूटनं, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या युजरनं, चालतो, आउटपुटचं फोल्डर तू बाहेरून जोडतेस, मग त्यात तयार झालेली टेक्स्ट फाइल तुझ्याच लॅपटॉपवर तुला बदलता येत नाही, सुडो लागतं. एक साधा युजर बनव. लायसन्स सोपं आहे, टेसरॅक्ट अपाची 2.0वर आहे, ते लिही, आणि तुझ्या स्क्रिप्टला कुठलं देतेस तेही लिही, न लिहिलेलं म्हणजे 'कुणीही वापरा' असा अर्थ होत नाही बरं का.

राहिला शेवटचा प्रश्न, जो तुला सगळ्यात जास्त झोंबला. मला विचारशील तर तोच सगळ्यात रास्त आहे. बेस इमेजमध्ये (जिच्यावर तुझी उभी आहे) ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीची दुरुस्ती आली की तुझी इमेज पुन्हा बिल्ड व्हायला पाहिजे, आज, पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षीपण. आणि फायनल इयरच्या पोरांचं काय होतं हे मेंटेनर लोकांना पाठ आहे, प्लेसमेंट झालं, गडी पुण्याला गेला, इमेज तिथंच पडली, आणि लोक ती भोकं पडलेली इमेज उतरवतच राहिले. म्हणून वर्गातली एखादी मैत्रीण सोबत घे आणि दोन नावं दे, बेसमध्ये बदल झाला की आपोआप बिल्ड होईल असं गिटहब ॲक्शन्समध्ये लाव. तेवढं जमणार नसेल तर तसं मोकळेपणानं लिही, आणि नवी इमेज देण्यापेक्षा तिथे आधीच टेसरॅक्टची इमेज असेल तर तिच्यात मराठी घालायची छोटी पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदलाचा प्रस्ताव, दे. मी तुझ्या जागी असतो तर हेच केलं असतं.

प्रश्न : सर, आयटी पार्क, परसोडीला नोकरीला आहे. कंपनीत केलेली एक डॉकरफाइल कामाची वाटली म्हणून स्वतःच्या अकाउंटवरून पब्लिक केली, लायब्ररीलाही पाठवली. नंतर लक्षात आलं की एका ओळीत एपीआय की (सेवा वापरायची गुप्त किल्ली) असलेली फाइल कॉपी होत होती, पण पुढच्याच ओळीत ती डिलीट केली आहे. मग चालेल ना?
— नाव छापू नये

उत्तर : नाही चालणार, आणि हे पूर्ण वाचायच्या आधी ती की रद्द करून नवी घ्या, मग पुढे वाचा.

इमेज लेयरची असते आणि खालचा लेयर वरच्या लेयरनं बदलत नाही. भिंतीवर लिहिलेल्या पासवर्डवर कॅलेंडर टांगावं तसं ते डिलीट आहे, कॅलेंडर उचललं की खाली अक्षर जसंच्या तसं. डॉकर सेव्ह करून टार फाइल उघडली की प्रत्येक लेयर वेगळा हातात येतो, त्याला काही हॅकर लागत नाही. आर्ग्युमेंट म्हणून दिलेली कीसुद्धा डॉकर हिस्टरीत दिसू शकते. डॉकरच्या बिल्ड करणाऱ्या भागात, बिल्डकिटमध्ये, सीक्रेट माउंटची सोय आहे, ती त्या एका रनपुरतीच दिसते, लेयरमध्ये उतरत नाही. आणि की जर गिटमध्येही कमिट झाली असेल तर तिथेही जुन्या कमिटमध्ये ती बसलेली असणारच, म्हणून म्हटलं की पुसत बसू नका, आधी रद्द करा.

दुसरं तुम्ही विचारलं नाही पण सांगतो. कंपनीच्या वेळेत लिहिलेलं तुमचं आहे का? बऱ्याच प्रकल्पांत कमिटखाली 'साइन्ड-ऑफ-बाय' लागतं, गिट कमिटला मायनस एस दिलं की ते आपोआप येतं आणि आपण ते मारून मोकळे होतो. त्यामागे डेव्हलपर सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन आहे, 2004मध्ये लिनक्स कर्नलसाठी आलेलं, आणि त्यात तुम्ही सांगताय की हे द्यायचा मला हक्क आहे. मॅनेजरकडून मेलवर परवानगी घ्या, तोंडी नको. आणि ती येईपर्यंत रेपो प्रायव्हेट करून ठेवा.

प्रश्न : मी लॅब घेते. सगळ्या पोरांनी एकदम इमेज पुल केली, म्हणजे उतरवली, की निम्म्यांना 'टू मेनी रिक्वेस्ट्स' येतं. काय करावं?
— एक प्राध्यापिका, वर्धमाननगर

उत्तर : मॅडम, डॉकर हब या इमेजच्या भांडारानं नोव्हेंबर 2020पासून पुलवर मर्यादा घातली. लॉगिन न करता सहा तासांत 100, आणि ती मोजतात आयपी पत्त्यावर. अख्खं कॉलेज एकाच आयपीमागे असतं, म्हणजे तुमची लॅब, शेजारची लॅब आणि होस्टेल मिळून ते शंभर. लॅबच्या एका मशीनवर 'रजिस्ट्री' नावाची इमेज पुल-थ्रू कॅश (एकदा आलेली इमेज साठवून वाटणारी) म्हणून चालवा आणि बाकी मशीनच्या डेमन सेटिंगमध्ये तिचा पत्ता मिरर म्हणून टाका, इमेज बाहेरून एकदाच येईल. उद्याच प्रॅक्टिकल असेल तर डॉकर सेव्ह, पेन ड्राइव्ह, डॉकर लोड, झालं.

प्रश्न : रेल्वेतून निवृत्त झालो, अजनीला राहतो. घरी रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर आहे. कोडिंग जमत नाही, तरी या कामात हातभार लावता येईल का? कितीतरी इमेज 'एक्झेक फॉरमॅट एरर' देऊन बंद पडतात, आणि एकीनं मराठी पीडीएफमध्ये नुसते चौकोन छापले.
— एक ज्येष्ठ वाचक

उत्तर : काका, तुमच्या पत्रातच दोन बग रिपोर्ट तयार आहेत की! पहिली एरर बहुतेक वेळा एवढंच सांगते की इमेज इंटेल-एएमडीसाठी बिल्ड झालीय आणि तुमचा पाय आर्म प्रोसेसरवर चालतो. आर्मचं बिल्ड इम्युलेटरवर करता येतं, पण खऱ्या पायवर चालवून 'हो, चालतंय' म्हणणारा माणूस मेंटेनरला सहज मिळत नाही. चौकोन येतात कारण स्लिम इमेजमध्ये देवनागरी फॉन्टच नसतो, डेबियनमध्ये 'फॉन्ट्स-लोहित-देवा' हे एक पॅकेज टाकलं की अक्षरं दिसतात, आणि ही गोष्ट बाहेरच्या मेंटेनरच्या लक्षातच येत नाही, त्याच्या पीडीएफमध्ये चौकोन येतच नाहीत ना.

लिहिताना इमेजचं नाव, टॅग, दिलेली कमांड आणि आलेली एरर जशीच्या तशी चिकटवा, चौकोनांचा फोटो जोडा. आणि टर्मिनलवर 'dpkg --print-architecture' मारून काय येतं तेही लिहा, आर्म64 आलं तर 64 बिट, आर्मएचएफ आलं तर 32 बिट. 32 बिट निघालं तर पाय 3 किंवा त्यापुढचा असल्यास त्यावर आधी 64 बिटची ओएस टाकून बघा, आर्मच्या बऱ्याच इमेज आता 64 बिटच्याच बनतात.